चढवलेलं ॲप आणि हरवलेल्या नोंदी
लॅपटॉपवर नीट चालणारं छोटंसं फ्लास्क ॲप हेरोकूवर चढवणं दिसायला सोपं आहे: लागणाऱ्या लायब्ररींची यादी, प्रॉकफाइलमध्ये गनिकॉर्न सुरू करणारी एक ओळ, आणि गिट पुश. २००७ साली सुरू झालेल्या या कंपनीनं सर्व्हर उभा करण्याचं ओझं नवख्यांच्या डोक्यावरून उतरवलं, हे तिचं मोठंच काम. खरं शिकणं मात्र त्यानंतर सुरू होतं. पोर्ट आपण ठरवायचा नसतो. प्लॅटफॉर्म देतो तोच ॲपनं घ्यायचा. कोडमध्ये ५००० कोरून ठेवलात तर हेरोकू ६० सेकंद वाट पाहतं आणि ॲप बंद करतं. ही चूक निदान लगेच दिसते. डिस्कची दिसत नाही, म्हणून ती जास्त जिव्हारी लागते. तिथली डिस्क तात्पुरती. डायनो, म्हणजे ॲप ज्यात चालतं तो हेरोकूचा कंटेनर, साधारण रोज नव्यानं सुरू होतो आणि एसक्यूलाइटच्या फाइलमधल्या नोंदी, लोकांनी टाकलेले फोटो, सगळं पुसलं जातं. एसक्यूलाइटवर प्रोजेक्ट करायला लावणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं. नोंदी पोस्टग्रेसमध्ये ठेवा, पासवर्ड प्लॅटफॉर्मच्या सेटिंग्जमध्ये. नोव्हेंबर २०२२ मध्ये हेरोकूची फुकट सोय संपली आणि अनेक जण रेंडरसारख्या ठिकाणी गेले. तिथेही नियम जवळपास हेच. रेंडरची फुकट सेवा १५ मिनिटं कुणी फिरकलं नाही की थांबते, तेव्हा परीक्षकांना दाखवण्याआधी पान एकदा स्वतः उघडून ठेवा.