ऑक्टोबरात सायकल शेडमध्ये टाकू नका

इंग्लंडमधल्या मराठी घरांत सप्टेंबर संपला की सायकली शेडमध्ये जातात, त्या थेट ईस्टरला बाहेर येतात. मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात, नवरात्र आणि दिवाळीचे कार्यक्रम शनिवार-रविवार खाऊन टाकतात आणि पावसाचा भरवसा नसतो. ही कारणं खोटी नाहीत. तरीही माझी कळकळीची विनंती आहे की ऑक्टोबरातले निदान दोन रविवार सायकलीसाठी राखून ठेवा. पानगळीच्या दिवसांत इथला ग्रामीण भाग जसा दिसतो तसा वर्षभरात पुन्हा दिसत नाही, आणि तो मोटारीतून तर दिसतच नाही. गावाकडच्या अरुंद रस्त्यांना दोन्ही बाजूंनी झुडपांची दाट कुंपणं असतात. मोटारीत बसलं की नजर त्या हिरव्या भिंतींवरच अडते. सायकलच्या सीटवर मात्र आपण थोडे उंच असतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पलीकडची नांगरलेली शेतं, मेंढ्या, सफरचंदांनी लगडलेली परसातली झाडं दिसत जातात.

लंडनमध्ये राहत असाल तर मेरिलबोनहून रेल्वेने प्रिन्सेस रिझबरोला उतरा. गर्दीची वेळ टाळली तर सायकल गाडीत नेता येते. तिथून टेम या गावापर्यंत ‘फिनिक्स ट्रेल’ नावाचा साधारण सात मैलांचा मार्ग आहे. बहुतेक सपाट आणि वाहनांपासून वेगळा, म्हणून मुलांनाही झेपतो. बाजूच्या चिल्टर्न टेकड्यांवरची बीचची झाडं ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तांब्याच्या रंगाची होतात. मधूनमधून मान वर करा. डोक्यावर फिरणाऱ्या, दुभंगलेल्या शेपटीच्या लाल घारी एकेकाळी इंग्लंडमधून नाहीशा झाल्या होत्या. 1989 पासून काही वर्षं स्पेनहून पक्षी आणून इथे सोडले गेले, तेव्हा त्या परत दिसू लागल्या.

हा मार्ग सपाट का, तर इथून पूर्वी आगगाडी जायची. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ चढवत नसे, म्हणून डोंगर कापून, दरीवर पूल बांधून उतार सौम्य ठेवलेला असे. 1963 मध्ये ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख बीचिंग यांच्या अहवालाने तोट्यातल्या रेल्वेमार्गांवर कुऱ्हाड चालवली आणि त्या दशकात हजारो मैलांचे मार्ग बंद झाले. अनेक गावांचं त्यात नुकसान झालं. पण त्यांतले काही मार्ग पुढे लोकांनी सायकलींसाठी मागून घेतले. ब्रिस्टल ते बाथ हा त्यांतला पहिला मोठा मार्ग 1986 मध्ये पूर्ण झाला. पीक डिस्ट्रिक्टमध्ये बेकवेलजवळचा मॉन्सल ट्रेल तर मँचेस्टर-शेफील्डकडच्या मंडळींनी चुकवूच नये. तिथले जुने बोगदे 2011 पासून खुले आहेत. बोगद्यांतून बाहेर पडताच हेडस्टोनचा उंच पूल आणि खाली वाय नदीचं खोरं येतं. सायकल जवळ नसेल तर ती तिथे भाड्याने मिळते. नवशिक्याने अशाच मार्गांपासून सुरुवात करावी, गावरस्ते नंतर.

आता काळजीच्या गोष्टी. पानगळीत पंक्चर फार होतात आणि त्याला कारण आहे. पक्ष्यांच्या विणीसाठी 1 मार्च ते 31 ऑगस्ट कुंपणं छाटायला बंदी असते. सप्टेंबर लागला की शेतकरी यंत्रं घेऊन छाटणीला लागतात, आणि हॉथॉर्न-ब्लॅकथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात. म्हणून जास्तीची ट्यूब, टायर काढायची लिव्हर आणि पंप सोबत असलाच पाहिजे. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा आणि रुतलेला काटा शोधून काढा. हे राहिलं तर दहा मिनिटांत नवी ट्यूबही बसलीच म्हणून समजा. घरी एकदा सराव केलेला बरा. पावसात, गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा शिकणं अवघड जातं.

ओली पानं निसरडी असतात आणि त्यांखाली खड्डाही दडलेला असू शकतो. वळणाच्या आधीच वेग कमी करा, पानांवर गेल्यावर ब्रेक दाबू नका. शेताच्या फाटकासमोर ट्रॅक्टरने आणलेला चिखल असतो, तिथेही हेच. घोडेस्वार दिसला तर मागून गप्प जाऊ नका. लांबूनच हाक द्या, वेग कमी करा आणि उजवीकडून भरपूर अंतर ठेवून पुढे व्हा. फुटपाथ अशी पाटी असलेल्या पायवाटांवर सायकल चालवायची नसते. ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांनाही खुल्या असलेल्या वाटांवर, 1968 च्या कायद्याने परवानगी आहे, पण या दिवसांत तिथे इतका चिखल होतो की मी तो सल्ला देणार नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उजेड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि लंडनमध्ये सूर्यास्त एकदम पावणेपाचच्या आसपास येऊन ठेपतो. दुपारी जेवून निघायची आपली सवय इथे सोडावी लागते. सकाळी नऊला निघा आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी परत पोहोचाल असा बेत करा, राहिलेले मैल पुढच्या खेपेला. अंधार पडल्यावर पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर कायद्यानेच लागतात. मी तर दिवे दिवसाही चालू ठेवा म्हणेन, कारण उतरत्या उन्हाने मोटार चालवणाऱ्याचे डोळे दिपतात आणि आपण त्याला दिसत नाही.

एकाच जाड जॅकेटपेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घाला, हातमोजे विसरू नका. गावातली चहाची दुकानं चारलाच बंद होतात, म्हणून थर्मास आणि खाणं बरोबर असू द्या. दिवाळीचा फराळ यासाठी उत्तम.

आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांनाही घरी बसवू नका. वाहनं इथेही डावीकडूनच चालतात, तेव्हा ती सवय नव्याने लावावी लागत नाही. गुडघ्यांची तक्रार असेल तर भाड्याने ई-बाइक घ्या. ताशी साडेपंधरा मैलांपर्यंतच मोटरची मदत देणाऱ्या ई-बाइकला परवाना लागत नाही. भाड्याच्या दुकानांच्या वेळा हिवाळ्याकडे कमी होत जातात आणि शाळांच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत सायकली लवकर संपतात, म्हणून आधी फोन करून त्या राखून ठेवा.