चाळिशीतल्या कारागिराला मशवरा कोण देणार?

दहावी-बारावीचा निकाल लागला की मुलांसाठी मार्गदर्शन शिबिरे गल्लोगल्ली भरतात. पण ज्याच्या मागाला कुलूप लागले, त्या चाळिशीतल्या कारागिराची फिक्र कोणाला? सोलापुरात साध्या मागाच्या जागी रॅपियर येत आहेत. थोड्या हातांत जास्त टॉवेल निघतो. उरलेला कारागीर चिंचोळी एमआयडीसीत एकेका फाटकावर विचारत फिरतो, नाहीतर दलालाला पैसे मोजतो. चिंचोळीत रसायनांचेही कारखाने आहेत. पण तिथे आपले हुनर कोणत्या कामी येईल, हे त्याला सांगणारा कोणी नाही.

खाजगी सल्लागाराची फी त्याला परवडत नाही. वास्तविक सरकारी सल्ला फुकट आहे. जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात नाव नोंदवता येते. केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ साली सुरू झाली. शाळेचा मोठा दाखला नसला तरी अंगचे कसब तपासून प्रमाणपत्र देण्याची पद्धत कौशल्य विकास योजनेने आणली. स्वतःच्या धंद्यासाठी २००८ साली आलेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात वयाची वरची अट ठेवलेली नाही.

अडचण अशी की कचेरी उघडी असते तेव्हा कामगार पाळीवर असतो, आणि अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, महिन्यातून एका सुट्टीला केंद्राच्या अधिकाऱ्याने चिंचोळीत येऊन बसावे. जागा, चहा आणि अर्ज भरून देणारा जाणता मुलगा आम्ही व्यापाऱ्यांनी व कारखानदारांनी पुरवावा. ज्यांच्या हातच्या कापडावर आमची दुकाने चालली, त्यांचे एवढे देणे आम्ही लागतो.