शुश्रूषा की वेठ?



महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी याच पुणे शहरात आढळले. लवकरच टाळेबंदी झाली व परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुली घरी बसल्या. वकिलीचा आरंभ ग्रंथ वाचून तरी करता येतो. शुश्रूषेची विद्या तशी नव्हे. नाडी पाहणे, शिरेत सुई घालणे, अंथरुणास खिळलेल्याची कूस बदलणे, हे रुग्णाच्या उशाशी उभे राहूनच हाती बसते. आमच्या कोथरूडातील सुतारदरा, केळेवाडी यांसारख्या वस्त्यांत, एका खोलीत सारे कुटुंब व सर्वांत मिळून एक मोबाईल असता, ही विद्या कितीशी पदरी पडणार?

दुसऱ्या लाटेत मात्र याच मुली एकाएकी हव्याशा झाल्या. अंतिम परीक्षेची वाट पाहणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांस ज्येष्ठांच्या देखरेखीखाली कोविडचे पूर्ण वेळ काम देता येईल, असे केंद्र सरकारने ३ मे २०२१ रोजी जाहीर केले. लस, विमा, आणि १०० दिवस काम करणारांस सरकारी नोकरभरतीत अग्रक्रम, अशी आश्वासनेही त्यात होती.

आमच्या परिचयाच्या एका मुलीने त्या उन्हाळ्यात असे काम केले. पुढे तिने दिवसांचा दाखला मागितला, तेव्हा उत्तर मिळाले, "तुम्ही शिकत होतात, नोकरीवर कोठे होतात?" हुकूम तोंडी होता आणि हजेरीची वही दुसऱ्याच्या कपाटात.

हे उत्तर आपणांस नवे नाही. महारवतनाच्या काळी रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावणारे आपले आजे-पणजे कामापुरते सरकारचे असत, मोबदल्याच्या वेळी कोणाचेच नसत. १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली आहे. सार्वजनिक कार्यासाठी सरकार सक्तीची सेवा घेऊ शकते. पण त्यात धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करता येत नाही. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेले श्रम हेही सक्तीचेच श्रम होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या प्रकरणी दिला. शिक्षणाचा भाग म्हणून वॉर्डात केलेला सराव निराळा. परंतु पूर्ण वेळ काम घ्यावयाचे आणि हक्काची वेळ आली की "तुम्ही विद्यार्थी" म्हणावयाचे, हा न्याय नव्हे.

सेवेस आमचा विरोध नाही. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी पुण्यातच प्राण वेचला. ती सेवा त्यांनी स्वेच्छेने पत्करली होती.

म्हणून आईबापांनो, मुलींना या पेशात अवश्य धाडा. परंतु पुन्हा साथ येईल तेव्हा कामाचा लेखी हुकूम, विम्याचा कागद आणि केलेल्या दिवसांचा सहीशिक्क्याचा दाखला हे तिन्ही मागून घ्या. दाखला हाती येईपर्यंत मुलीने स्वतःच्या वहीत रोजची तारीख, वॉर्ड व कामाची वेळ लिहून ठेवावी. रुग्णाची नोंद ठेवण्यास तिला शिकवितातच. तीच शिस्त तिने स्वतःसाठीही पाळावी.