बिघडतात ते फक्त ‘लोक’!

इन्फ्लुएन्सरच्या नादी कोण लागतं? लोक. तुम्ही-आम्ही फक्त टाइमपास करतो! या समजुतीला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्येच नाव दिलं होतं : थर्ड-पर्सन इफेक्ट. परिणाम होतो तो नेहमी तिसऱ्यावर.

हा भ्रम साधा नाही. घरात तो धाकट्या बहिणीच्या मोबाइलवर पहारा बसवतो. ती मेकअपची रील बघते म्हणून ‘बिघडेल’. आणि पहारा देणारे भाईजान? ते रात्री दोनपर्यंत ऑप्शन ट्रेडिंगवाल्याचे व्हिडिओ बघतात, कारण तो ‘अभ्यास’ असतो. (हलाल की हराम, तो वाद तूर्त बाजूला.) सेबीच्या पाहणीनुसार एप्रिल २०२१ ते मार्च २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० सामान्य ट्रेडरपैकी ९३ जणांनी पैसे गमावले. लिपस्टिक बरीच स्वस्त पडते.

पैसे घेऊन केलेली जाहिरात असेल, तर तसं सांगणं इन्फ्लुएन्सरवर बंधनकारक आहे. व्हिडिओवरची ती बारीक ओळ तुम्ही कधी थांबून वाचली आहे? बहिणीचा फोन मागण्याआधी आपण कुणाकुणाला फॉलो करतो, ती यादी तिच्या हातात द्या. हसू लागली तर रागावू नका.