विहिरींतील इंजिन व त्याचा धूर

फाल्गुन सरतां सरतां विहिरींचें पाणी खोल जाऊं लागतें, आणि त्याच्या पाठोपाठ काठावरचें तेलाचें इंजिनही विहिरींत उतरूं लागतें. ज्या गांवीं विजेचा भरंवसा नाहीं तेथें हा क्रम शेतकरी बंधूंच्या इतका अंगवळणी पडला आहे कीं, त्यांत धोका आहे असें म्हणणारा मनुष्य भित्रा ठरतो. तो दोष पत्करूनही आम्हांस लिहिणें भाग आहे कीं, चालू इंजिन विहिरीच्या तळाशीं ठेवण्याची ही चाल आतां बंद झाली पाहिजे.

इंजिन खालीं कां न्यावें लागतें? पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों. खरें पाहतां बाहेरच्या हवेचा दाब तें वर ढकलतो, आणि त्या दाबाची मजल समुद्रसपाटीसही 34 फुटांपलीकडे नाहीं. पाइपांतील घर्षण व सांध्यांतील गळती वजा जातां व्यवहारांत 20-22 फूटच हातीं लागतात. पाणी त्याखालीं गेलें कीं पंप खालीं न्यावा लागतो हें खरें; पण पंपाबरोबर इंजिनही न्यावें असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? दोन्ही एकाच सांगाड्यावर बसविलेलीं मिळतात व उचलण्यास सोयीचीं पडतात, एवढेंच त्याचें कारण.

आतां थोडा हिशेब पाहूं. ज्याच्या सिलिंडरचा व्यास 80 मिलिमीटर व दट्ट्याची धांव 110 मिलिमीटर आहे असें 5 अश्वशक्तीचें डिझेल इंजिन, मिनिटास 1500 फेरे घेत असतां, दर मिनिटास सुमारें 350 लिटर हवा आंत घेतें. स्वस्थ बसलेल्या मनुष्यास सहा ते आठ लिटर पुरतात. म्हणजे इंजिन लावलें कीं पन्नास माणसें तळाशीं नेऊन बसविल्यासारखें झालें! 10 फूट व्यासाच्या विहिरींत तळाच्या 10 फुटांत जेवढी हवा मावते, तेवढी हें यंत्र साधारण एका तासांत गिळून तिचा धूर करतें. तेथें वारा पोंचत नाहीं. मग तें स्वतःचाच धूर पुन्हा ओढूं लागतें, प्राणवायु कमी पडतो, तेल अर्धवट जळतें, आणि या अर्धवट जळण्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड वायु अधिकाधिक निपजतो.

या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्यास तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. हवेच्या दहा हजार भागांत त्याचे सोळा भाग असले तर वीस मिनिटांत डोकें दुखूं लागून भोंवळ येते व एक-दोन तासांत प्राण जातो. शेंकडा सव्वा भाग असला तर दोन-तीन श्वासांतच शुद्ध जाते. लक्षणें मोठीं फसवीं आहेत. डोकें जड होणें, मळमळणें, पाय लटपटणें हें सारें वैशाखांत ऊन लागल्यासारखेंच वाटतें. आणि खरें कारण ध्यानांत येईपर्यंत पायऱ्या चढण्याचें बळ उरलेलें नसतें.

जुनी जाणती मंडळी विहिरींत उतरण्यापूर्वीं कंदील सोडून पाहत. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीस ती रीत कांहीं अंशीं योग्य होती, कारण हवेंतील प्राणवायु शेंकडा 21 वरून 16-17 पर्यंत उतरला कीं ज्योत विझते. परंतु इंजिनाच्या धुराची ही परीक्षा नव्हे. मनुष्य मरेल इतका कार्बन मोनॉक्साइड असूनही कंदील खुशाल जळत राहतो. शिवाय जेथें पेट्रोल सांडलें असेल तेथें कंदील सोडणें म्हणजे आगीस आमंत्रण देणें होय.

डिझेलच्या धुरानें कोणी मरत नाहीं, असें आम्हांस अनेकदां ऐकविण्यांत येतें. पेट्रोल व रॉकेलच्या इंजिनांपेक्षां डिझेल इंजिन हा वायु पुष्कळ कमी सोडतें, ही गोष्ट उघड्यावर खरी आहे. विहिरींत ती कां टिकत नाहीं हें वर सांगितलेंच. पेट्रोल-रॉकेलचे लहान पंप तर एकटा गडी खांद्यावर घेऊन उतरूं शकतो, म्हणून तेच सर्वांत अधिक घातक.

जेट पंप घेतल्यास इंजिन व पंप दोन्ही काठावर राहतात व विहिरींत केवळ नळ सोडावे लागतात. त्यानें पाणी कमी पडतें व तेल अधिक लागतें ही तक्रार रास्त आहे. तरी तो तोटा सोसावा असेंच आमचें मत आहे. यंदाच्या हंगामापुरता दुसरा उपायच नसेल तर धुराचा लोखंडी नळ काठाच्या वर पुरुषभर न्यावा व त्याचें तोंड वाऱ्याच्या वाहत्या दिशेस ठेवावें. नळ लांब झाला कीं धूर तुंबतो, म्हणून तो इंजिनाच्या तोंडापेक्षां रुंद घ्यावा. इंजिनाबरोबर हातभर सायलेन्सर मिळतो. पुढच्या नळाची गोष्ट विकणारा काढीत नाहीं आणि घेणाराही विचारीत नाहीं! सांधे कितीही आवळले तरी झिरपतात, यास्तव इंजिन चालू असतां खालीं कोणीही बसूं नये. तेल बंद करण्याच्या दांड्यास तार बांधून ती काठापर्यंत आणावी, म्हणजे वरूनच इंजिन थांबवितां येईल.

आणि एवढ्याउपर कोणी खालीं कोसळलाच तर? भाऊ भावामागें उतरतो, मुलगा बापामागें उतरतो, आणि एका घरांतून एकाच दिवशीं दोन-तीन तिरड्या निघतात. तोंडाला ओलें फडकें बांधल्यानें हा वायु अडत नाहीं. प्रथम वरून इंजिन बंद करावें, 112 व 108 या क्रमांकांस कळवावें, ब्लोअर मिळाल्यास त्याच्या नळीनें तळाशीं ताजी हवा सोडावी. श्वासयंत्र लावलेला मनुष्य येईपर्यंत दुसऱ्यास उतरूं देऊं नये. प्रसंगीं त्यास धरून ठेवावें. बाहेर काढलेला मनुष्य बोलूं लागला तरी त्यास घरीं नेऊन निजवूं नये. साध्या हवेंत हा वायु रक्तांतून निम्मा उतरण्यास चार-सहा तास लागतात, शुद्ध प्राणवायु दिल्यास तास-दीड तास. म्हणून त्यास थेट दवाखान्यांत न्यावें, व ऊन लागलें असें न सांगतां इंजिनाच्या धुरांत सांपडला होता हें डॉक्टरांस पहिल्याच वाक्यांत सांगावें.