दगडाखालील साक्षीदार

मार्च २०२३ मध्यें सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रांत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हां पाण्याचे नमुने घेण्याची एकच धांवपळ उडाली. बैल गेल्यावर झोपा करण्याची ही रीत आम्हांस नवी नाहीं. वाहतें पाणी आपल्याबरोबर पुरावाही घेऊन जातें, आणि बाटलींत येतें तें केवळ त्या घटकेचें पाणी.

मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या एका लिटरमधील सेंद्रिय द्रव्य कुजण्यास ४०,००० मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायु लागतो. उन्हाळ्यांत नदीच्या निर्मळ पाण्यांत लिटरमागें तो जेमतेम ७ ते ८ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. ४ च्या खालीं गेला कीं मासे तडफडूं लागतात. पात्र आटलेलें असतां असलें थोडें सांडपाणीही पुरें होतें.

परंतु नदीच्या तळाशीं असे जीव आहेत, कीं जे महिनोन् महिने तेथेंच राहतात. वाई किंवा माहुलीकडील उथळ खळाळांत दगड उलटून पाहावा. शेपटीस बहुधा तीन तंतू असलेली चपटी अळी, किंवा वाळूचे कण चिकटवून नळीसारखें घर करणारी अळी सांपडली, तर पाण्यांत प्राणवायु मुबलक आहे असें समजावें. त्या नाहींशा होऊन गाळांत बारीक लाल अळ्याच माजल्या, तर पाणी बिघडलें. कारण त्यांच्या रक्तांतील तांबडें द्रव्य थोड्या प्राणवायूवरही त्यांचा निभाव लावतें. जर्मनींत कोल्कविट्झ व मार्सोन यांनीं १९०८-०९ सालींच अशा जीवांच्या याद्या प्रसिद्ध केल्या होत्या. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेंही या धर्तीची पद्धति आखली आहे.

मात्र सांगलीच्या संथ, गाळवट डोहाची तुलना वाईच्या खडकाळ पात्राशीं करणें अन्यायाचें होईल. एकाच जातीच्या तळाचीं दोन ठिकाणें, नाला मिळतो त्याच्या वरचें व खालचें, अशीं निवडावीं.

कारखान्यांस दोष देऊन आम्हां ऊस-उत्पादकांस मोकळें होतां येणार नाहीं. सहकारी कारखान्यांचे सभासद आम्हीच, आणि शेतांतून वाहून जाणारीं खतें व क्षारही आमचेच. पाण्याची विद्युत्‌वाहकता २२५० च्या वर गेल्यास तें ओलितासही अयोग्य ठरतें. वाळवें, मिरज भागांतील क्षारपड जमिनींच्या धन्यांस हें निराळें सांगावयास नको!

आमची सूचना अशी, कीं नदीकांठच्या प्रत्येक गांवच्या सोसायटीनें शाळेंतील दोन-चार हुशार मुलें हाताशीं धरावीं. एक चाळणी, एक पांढरी परात, सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या व एक वही एवढेंच साहित्य लागेल. गळिताच्या हंगामांत दरमहा एकदां नोंद व्हावी, व तीवर तारीख, जागा आणि पाहणाराची सही असावी. अधिकाऱ्यापुढें तक्रार नेतांना अशी वही निदान तारखा तरी दाखवूं शकेल. पहिली नोंद गाळप सुरू होण्यापूर्वींच, दिवाळीच्या सुमारास पूर ओसरल्यावर करावी. पुढील साऱ्या नोंदी तिच्याशींच ताडून पाहावयाच्या आहेत.