किनाऱ्याचा आराखडा कोणासाठी?

दापोली तालुक्यातील बुरोंडी येथे परशुरामाचा भव्य पुतळा उभा आहे. समुद्र मागे हटवून कोकणभूमी मिळविल्याची कथा त्यामागे आहे. आज ह्या किनाऱ्यापुढील प्रश्न भूमी मिळविण्याचा नाही. असलेली भूमी कोणासाठी व किती काळ राखावयाची, हा आहे. रेवस-रेडी सागरी महामार्गालगतच्या तेरा विकासकेंद्रांतील 105 गावांच्या नियोजनाचा अधिकार 2024 साली सरकारने रस्ते विकास महामंडळाकडे सोपविला. तेव्हा किनाऱ्यावरील प्रत्येक गावाने ह्या प्रश्नाचा विचार आताच केला पाहिजे.

नियोजनास आमचा विरोध नाही. गावात पोटापाण्याची सोय नसल्यामुळे कोकणच्या कित्येक पिढ्या मुंबईस गेल्या. परंतु त्या मुंबईचाच अनुभव काय आहे? तिच्या विकास आराखड्याचा 2015 चा मसुदा सदोष ठरून नव्याने करावा लागला. 2034 पर्यंतचा सुधारित आराखडा 2018 पासून अमलात आला. तरीही कोळीवाड्यांच्या सीमांचा प्रश्न निकालात निघाला नाही. जे शहराचे मूळ रहिवासी, त्यांनाच आपली जागा सिद्ध करीत बसावे लागते!

होडी ओढावयाची वाळू आणि मासळी वाळविण्याची जागा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची असते. सातबाऱ्यावर तिला नाव नसते. किनारा नियमनाच्या 2011 च्या अधिसूचनेने अशा जागा नकाशांवर दाखविण्यास व मच्छीमारांच्या घरांच्या दीर्घकालीन गरजेचा आराखडा करण्यास सांगितले होते. 2019 च्या अधिसूचनेने मात्र दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीची पट्टी 200 मीटरवरून 50 मीटरवर आणण्याची वाट मोकळी केली. ज्याच्या नावावर जमीन आहे, तो ती विकून मोकळा होईल. ज्याची केवळ वहिवाट आहे, त्याने जावे कोठे? आणि 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची जी दैना केली, ती पाहिलेल्यांस मोकळ्या किनाऱ्याची किंमत सांगावयास नको.

न्याय आणि निसर्ग हे दोन निराळे प्रश्न नव्हेत, ते असे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला, तो उचितच होता. पण पाटी बदलल्याने नळ येत नाही आणि रस्ताही येत नाही. पाणी, रस्ता व वादळातील निवारा शेवटच्या वाडीस केव्हा मिळणार, हे जो आराखडा सांगत नाही, त्यास दूरदृष्टीचा म्हणता येणार नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रथम वाडीवार पाहणी करून वहिवाटीच्या जागा नकाशावर याव्यात. तो नकाशा मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावा. हॉटेलांची व रस्त्यांची आखणी त्यानंतर व्हावी. हा क्रम उलटला, तर मुंबईत जे झाले तेच कोकणात होईल, आणि त्या वेळी अनुभव नव्हता असे म्हणण्याची सोय सरकारास राहणार नाही.